शाळेत हवामानबदल शिकवायचाय? थर्मामीटरपासून सुरुवात करा

पर्यावरण दिनाला शाळांमध्ये काय होतं, ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. भित्तिपत्रकं, घोषणा, एक रोप आणि रोपाभोवती उभ्या वीस जणांचा फोटो. यात वाईट काहीच नाही, पण यातून हवामानबदल कळत नाही. 'झाडं लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा' पाठ असलेल्या मुलाला विचारून पाहा, पृथ्वी तापते म्हणजे नेमकं काय होतं? बऱ्याचदा उत्तर येतं, 'प्रदूषणामुळे ओझोनला भोक पडलं आणि तिथून ऊन आत आलं.' उत्तर चुकीचं आहे, पण मुलाचा दोष नाही. त्याला घोषणा मिळाल्या, कार्यकारणभाव मिळालाच नाही.

मुलांच्या हाताला काम देऊन हा विषय शिकवावा असं वाटतंय, पण सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही, अशा शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी हा लेख आहे. तुम्ही विज्ञानाचेच असायला हवं असं नाही. माझं म्हणणं एकच आहे: मुलांनी स्वतः मोजलेला एक तरी आकडा वहीत येईपर्यंत हवामानबदलावर भाषण देऊ नका.

पहिली पायरी: आधी स्वतःचं पक्कं करा

यासाठी एक संध्याकाळ पुरते. सूर्यप्रकाशाने जमीन आणि समुद्र तापतात. तापलेला पृष्ठभाग ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात वर सोडतो. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे किरण अडवत नाहीत, पण पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन ते शोषतात आणि त्यातली काही उष्णता परत खाली पाठवतात. यांनाच हरितगृह वायू म्हणतात आणि या तापण्याला हरितगृह परिणाम. लहान मुलांना सांगताना 'पृथ्वीने पांघरलेली गोधडी' एवढं पुरे. ही गोधडी मुळात वाईट नाही हेही सांगा. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आज ते सुमारे १५ अंश आहे. अडचण आहे ती गोधडी जाड होत चालल्याची.

हे शास्त्र कालपरवाचं नाही. १८५६ मध्ये युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं आणि सावलीत आणल्यावर निवायलाही सगळ्यांत जास्त वेळ लागला. १८५९ पासून जॉन टिंडल यांनी प्रयोगशाळेत वायू उष्णतेचे किरण किती शोषतात ते मोजलं. १८९६ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर तापमान किती वाढेल याचं गणित कागदावर मांडलं. आणि १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर या वायूची सलग मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ होते. आता ४२० च्या वर आहेत. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० च्या आसपास होते. मोठ्या मुलांना हा कीलिंगचा आलेख जरूर दाखवा, पण नंतर. आधी त्यांचा स्वतःचा आलेख होऊ द्या.

तीन गुंते मात्र सुरुवातीलाच सोडवून ठेवा. ओझोनचा थर विरळ होणं हा वेगळा प्रश्न आहे. रस्त्यावरचा कचरा हाही वेगळा प्रश्न आहे. तो गंभीर आहे, पण मैदान झाडून पृथ्वी थंड होत नाही. आणि एखाद्या दिवशी थंडी पडली म्हणून तापमानवाढ खोटी ठरत नाही, कारण हवामान म्हणजे अनेक वर्षांची, शास्त्रज्ञांच्या रिवाजाप्रमाणे ३० वर्षांची, सरासरी. याचा अर्थ असाही होतो की तुमचा वर्ग एका सत्रात हवामानबदल 'सिद्ध' करू शकणार नाही. तसा दावा करूही नका. मुलं मोजणार आहेत ते त्या यंत्रणेचे सुटे भाग: उष्णता, वायू, बर्फ, वीज, कुजणं, झाडाची वाढ.

दुसरी पायरी: एकच प्रश्न निवडा

नव्या शिक्षकाची सगळ्यांत मोठी अडचण उत्साह हीच असते. खतखड्डा, सौरकुकर, पर्जन्यमापक, पथनाट्य, सगळं एकाच सत्रात हवं असतं. महिन्याभरात सगळं अर्धवट पडतं. त्यापेक्षा एक प्रश्न घ्या आणि तो तीन कसोट्यांवर घासून पाहा. मुलांना तो स्वतः मोजता येतो का? निदान एक सत्र तरी चालेल का? आणि उत्तराचा शाळेत कुणाला उपयोग आहे का? तिसरी कसोटी बहुतेक जण विसरतात. 'मैदानात सगळ्यांत गरम जागा कुठली?' या प्रश्नाचं उत्तर मिळालं की खेळाच्या तासाची जागा किंवा वेळ बदलता येते. 'जागतिक तापमानवाढीचे परिणाम लिहा' यातून शाळेत काहीच बदलत नाही.

मुख्याध्यापकांकडे जाताना 'पर्यावरण उपक्रम' अशी मोठी मागणी घेऊन जाऊ नका. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं आणि भिंतीवरचा एक फळा मागा. एवढं सहसा मिळतं. गणिताच्या शिक्षकांना सोबत घेतलंत तर सरासरी, टक्केवारी आणि आलेख त्यांच्या तासाला होतात आणि वेळापत्रकावरून वाद होत नाहीत.

वयाचा विचार करा. तिसरी-चौथीच्या मुलांना पाहणं, स्पर्श करणं, चित्र काढणं जमतं. त्यांना टनांत आणि टक्क्यांत अडकवू नका. पाचवी ते सातवी हे मोजमापाचं वय, या मुलांना वाचनं घ्यायला मनापासून आवडतं. आठवीपासून पुढे गणित, तुलना आणि 'हे खरं कशावरून?' हा प्रश्न.

तिसरी पायरी: उपकरणं एकमेकांशी जुळवून घ्या

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणून टाळली जाते. मला मात्र सगळ्या उपक्रमात शिकवण्यासारखं सर्वांत जास्त इथेच दिसतं.

पाऱ्याचे थर्मामीटर मुलांच्या हाती देऊ नका. लाल अल्कोहोलचे किंवा डिजिटल घ्या. सहा-आठ थर्मामीटर आणले की प्रत्येकावर चिकटपट्टीने क्रमांक टाका. मग सगळे एकाच बादलीतल्या पाण्यात, एकाच खोलीवर पाच मिनिटं बुडवा आणि मुलांना वाचायला सांगा. पाणी एकच, बादली एकच, तरी आकडे जुळत नाहीत. एक २६ सांगतो, दुसरा २७, तिसरा साडेपंचवीस. मुलं आधी एकमेकांवर ओरडतात: 'तू वाकडं वाचलंस!' मग डोळा पाऱ्याच्या, म्हणजे आता लाल रेषेच्या, अगदी समोर आणून पुन्हा वाचतात. थोडा फरक मिटतो, थोडा उरतो. जो उरतो तो यंत्राचा. सगळ्यांची सरासरी काढा आणि प्रत्येक थर्मामीटरपुढे त्याची दुरुस्ती लिहा: 'क्र. ३: अर्धा अंश मिळवा.' तासभराच्या या कामात मुलांना कळतं की मोजमापात चूक असते, ती किती आहे हे शोधता येतं आणि म्हणून मोजमाप टाकाऊ ठरत नाही. पुढे कुणी 'शास्त्रज्ञांचे आकडे तर सारखे बदलतात' असं म्हणालं, तर या मुलांकडे उत्तर असतं.

हवेचं तापमान घ्यायचं तर थर्मामीटरवर थेट ऊन पडता कामा नये, नाहीतर तो हवेचं नव्हे, स्वतःच्या तापण्याचं तापमान सांगतो. वेधशाळेत यासाठी पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची पेटी असते आणि थर्मामीटर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. शाळेत लाकडी खोकं पांढरं रंगवून, बाजूंना भोकं पाडून काम भागतं. दार अशा दिशेला ठेवा की उघडल्यावर ऊन आत येणार नाही: उत्तर गोलार्धात उत्तरेला, दक्षिण गोलार्धात दक्षिणेला.

चौथी पायरी: मैदानाचा तापनकाशा

नवशिक्यांनी पहिला उपक्रम म्हणून हाच घ्यावा. शाळेच्या आवाराचा साधा नकाशा काढा आणि त्यावर आठ-दहा ठिकाणं ठरवा: डांबर किंवा काँक्रीट, माती, हिरवळ, झाडाची सावली, भिंतीची सावली, पत्र्याखाली, वर्गात खिडकीपाशी, वर्गात मध्यभागी. दोन-दोन मुलांच्या जोड्या करा. एक वाचेल, दुसरा लिहील, पुढच्या वेळी उलट. सगळ्यांनी एकाच वेळी वाचन घ्यायचं, कारण अर्ध्या तासात ऊन बदलतं. प्रत्येक नोंदीसोबत ढग आहेत का, वारा आहे का हेही दोन शब्दांत लिहायचं.

झाडाची सावली आणि पत्र्याची सावली यांत फरक का, यावर मुलांना भांडू द्या. पत्रा स्वतः तापतो आणि खाली उष्णता सोडतो. झाड पानांतून पाण्याची वाफ सोडतं आणि त्यात उष्णता खर्च होते. दोन सारखे पत्र्याचे डबे, एक काळा रंगवलेला, एक पांढरा, दोन्हींत मापून पाणी, असा उन्हातला प्रयोग याच आठवड्यात जोडून घ्या. पृष्ठभागाच्या रंगाचा परिणाम दिसला की ध्रुवाकडे जाता येतं: ताजा बर्फ अंगावर पडणारा बहुतेक प्रकाश परत पाठवतो, उघडा समुद्र बहुतेक गिळतो. म्हणून बर्फ वितळला की तापणं वाढतं आणि तापणं वाढलं की आणखी बर्फ वितळतो.

इथे एक धोका आहे. डांबर गरम लागतं ते डांबरामुळे, कार्बन डायऑक्साइडमुळे नाही. हा फरक लपवून 'पाहा, तापमानवाढ!' म्हणालात तर हुशार मूल तुम्हाला पकडेल, आणि पकडायलाच हवं. खरा संबंध असा सांगा: हवा आधीच तापत चालली आहे, त्यात आपण जमीन अशी झाकली की उन्हाळा आणखी कडक होतो. पहिला भाग एकट्या शाळेच्या हातात नाही, दुसरा बराचसा आहे.

पाचवी पायरी: न दिसणारा वायू

या विषयाचा एक प्रयोग इंटरनेटवर जागोजागी सापडतो. दोन बाटल्या, एकीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून केलेला कार्बन डायऑक्साइड, दुसरीत साधी हवा, वर दिवा. पहिली जास्त तापते, टाळ्या. हा प्रयोग पुरावा म्हणून करू नका. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे बाटलीतली हवा ढवळली जात नाही, आणि तापमानातला फरक बराचसा त्यामुळे पडतो. आर्गॉन हा दुसरा जड वायू भरला तरी बाटली तशीच तापते, आणि आर्गॉन हा हरितगृह वायूच नाही. खुद्द फूट यांच्या नळकांड्यांतही सूर्यप्रकाश आणि जमिनीतून येणारी उष्णता वेगळी करता आली नव्हती. ते काम टिंडल यांच्या उपकरणाने केलं. आठवी-नववीच्या वर्गात मात्र हाच प्रयोग उलट वापरता येतो. करून दाखवा आणि मग विचारा, 'हा निष्कर्ष कुठे कच्चा आहे?'

त्याऐवजी शक्य असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर मिळवा, विकत नाही तर चार दिवसांसाठी उसना. घेताना त्यावर 'एनडीआयआर' (NDIR, म्हणजे अवरक्त किरणांनी मोजणारा) लिहिलंय का ते पाहा. काही स्वस्त मीटर हा वायू मोजतच नाहीत, दुसऱ्याच वायूंवरून अंदाज सांगतात. एनडीआयआर मीटरच्या आत एक छोटा अवरक्त दिवा असतो आणि समोर संवेदक. मधल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जितका जास्त, तितके सुमारे ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण कमी पोहोचतात. म्हणजे ज्या गुणामुळे हा वायू पृथ्वी तापवतो, त्याच गुणावर हे यंत्र चालतं. मीटर नीट दाखवतोय, याचा अर्थ हरितगृह परिणामाचं मूळ तुमच्या टेबलावर चालू आहे. यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

मीटर आधी मोकळ्या हवेत ठेवा. दर दहा लाख रेणूंमागे ४२० च्या आसपास आकडा यायला हवा, रहदारीजवळ थोडा जास्त. मग खिडक्या लावलेल्या वर्गात ठेवा. भरल्या वर्गात तासाभरात तो हजाराच्या वर सहज जातो, कारण उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. लगेच कुणीतरी विचारणार, 'म्हणजे आपण श्वास घेतल्याने पृथ्वी तापते?' हा प्रश्न येईल याची वाटच पाहा. उत्तर: आपल्या श्वासातला कार्बन अन्नातून आला, अन्नाने तो अलीकडेच हवेतून घेतला होता, गेला तेवढाच परत आला. कोळसा, तेल आणि वायू यांतला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता, तो आपण नव्याने वर आणतो. चक्रात फिरणारा कार्बन वेगळा आणि बाहेरून चक्रात टाकलेला वेगळा. एवढं कळलं तर निम्मा विषय कळला.

सहावी पायरी: बर्फ आणि पाणी

हे एका तासात होतं. दोन सारखे ग्लास. एकात पाणी आणि तरंगणारे बर्फाचे खडे. दुसऱ्यात दगड रचून त्यावर, पाण्याच्या वर, तेवढाच बर्फ. दोन्हींवर पाण्याची पातळी पेनाने खुणेने दाखवा आणि वितळेपर्यंत थांबा. त्याआधी सगळ्यांकडून अंदाज लिहून घ्या. तोंडी घेतलेले अंदाज नंतर सोयीने बदलतात. तरंगता बर्फ वितळून पातळी हलत नाही, दगडावरचा वितळला की चढते. उत्तर ध्रुवावरचा बर्फ समुद्रावर तरंगतो. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाचा जमिनीवर आहे. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर जगातले समुद्र सुमारे सात मीटर चढतील. यातच सांगून टाका की याला शतकानुशतकं लागतील, नाहीतर मुलं त्या रात्री झोपत नाहीत.

समुद्र चढण्याचं दुसरं कारण मुलांना कधीच सुचत नाही: पाणी तापलं की फुगतं. छोट्या काचेच्या बाटलीत रंगीत पाणी काठोकाठ भरा, तोंडावर मातीचा किंवा मेणाचा घट्ट बूच करून त्यातून पारदर्शक नळी वर काढा आणि बाटली कोमट पाण्यात ठेवा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. हवा पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगते आणि सगळं वाचन बिघडवते. बारकाईने पाहणाऱ्यांना पाणी आधी किंचित खाली जाऊन मग चढताना दिसेल, कारण आधी काच तापून फुगते. १९७१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी जेवढी वाढली, त्यातली सुमारे निम्मी वाढ या फुगण्यामुळे होती.

सातवी पायरी: विजेचा हिशेब

एका वर्गापासून सुरू करा. काय काय विजेवर चालतं, किती वॅटचं, किती तास. वॅट गुणिले तास भागिले हजार म्हणजे युनिट. ७५ वॅटचे चार पंखे रोज सहा तास चालले तर १.८ युनिट, महिन्याचे २४ दिवस धरले तर ४३ युनिटच्या थोडं वर. कोळशावर केलेल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.९ ते १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे त्या पंख्यांचा महिन्याचा सुमारे ४० किलो. मात्र सगळी वीज कोळशाची नसते. पाणी, वारा, सूर्य, अणू यांचं मिश्रण जागोजागी वेगळं असतं. तुमच्याकडचा अधिकृत आकडा शोधून तोच वापरा. तो शोधणं हाही मोठ्या मुलांसाठी चांगला गृहपाठ आहे.

आता खरी गंमत. मुलांनी कागदावर काढलेले युनिट आणि मीटरवर आठवडाभरात फिरलेले युनिट ताडून पाहा. जुळत नाहीत. मग शोध सुरू होतो: पाण्याचा पंप धरलाच नव्हता, कार्यालयातला संगणक रात्रभर चालू असतो, जिन्यातला दिवा कुणाच्याच यादीत नाही. मीटर वाचायला मोठा माणूस सोबत असू द्या आणि मुलांनी पेटी उघडायची नाही, फक्त काचेतून पाहायचं.

'दिवे बंद करा' अशा पाट्या लावून थांबू नका. कुठला एक बदल केला तर किती युनिट वाचतील ते मुलांनीच काढून शाळेपुढे ठेवावं. पंखे बंद करून घामाघूम होणं हा उपाय नाही. कमी वॅटचे पंखे, रिकाम्या वर्गातले दिवे, पंपाची वेळ हे उपाय आहेत.

आठवी पायरी: कुजणं आणि वाढणं

डब्यातलं उरलेलं अन्न आठवडाभर रोज तोला, फक्त तोला. उपदेश करायचा नाही. आकडा फळ्यावर आला की पुढचं मुलंच बोलतात. मग खत. ओला कचरा ढिगाऱ्यात दाबला गेला की हवा मिळत नाही आणि त्यातून मिथेन निघतो; शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. हवा खेळती राहिली तर मिथेन फारसा होत नाही. म्हणून खताच्या पेटीला भोकं हवीत, ओल्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पालापाचोळा हवा आणि आठवड्यातून एकदा खालवर करायला हवं. वास आला तर हवा कमी पडतेय, मुंग्या झाल्या तर पाणी. मधोमध लांब थर्मामीटर खुपसून रोज वाचन घ्या. मोठा ढीग ५० अंशांच्या पुढे जातो. लहान पेटीत तेवढी उष्णता टिकत नाही, तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा.

झाडांचं बघायचं तर नवं रोप लावण्याआधी उभी झाडं मोजा. जमिनीपासून १.३ मीटरवर घेर घ्या, ३.१४ ने भागा, व्यास मिळाला. तिथे खिळा ठोकू नका, खडूची खूण करा आणि दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा. कोरड्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बनचं असतं आणि १ किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. या हिशेबाने वरच्या चार पंख्यांचा एका महिन्याचा ४० किलो वायू शोषायला झाडाला सुमारे २२ किलो कोरडं लाकूड नव्याने तयार करावं लागतं. आवारातल्या एखाद्या झाडाकडे बोट दाखवून विचारा, हे महिन्याला २२ किलो वाढतं का? 'एक रोप लावलं की झालं' हा समज तिथल्या तिथे गळून पडतो. रोपं लावायचीच तर तीन वर्षं पाणी कोण घालणार त्यांची नावं आधी लिहा, खड्डा नंतर खणा.

ज्यांना धीर आहे त्यांनी एकच झाड निवडून पालवी, पहिलं फूल, पहिलं फळ आणि पानगळ यांच्या तारखा लिहाव्यात. यात लगेच काही हाती लागत नाही. पण जपानमधल्या क्योटो शहरात चेरी फुलण्याच्या नोंदी बाराशे वर्षांहून जुन्या आहेत, आणि २०२१ मध्ये तिथला बहर २६ मार्चलाच भरात आला तेव्हा तो तोपर्यंतच्या सगळ्या नोंदींत सर्वांत लवकरचा आहे हे सांगता आलं, ते कुणीतरी तारखा लिहून ठेवल्या म्हणूनच. १९९५ पासून चालू असलेल्या 'ग्लोब' या आंतरराष्ट्रीय उपक्रमात शंभराहून अधिक देशांतल्या शाळा तापमान, ढग, झाडांची पालवी अशा नोंदी ठरलेल्या पद्धतीने पाठवतात. त्यांच्या मोजणीच्या सूचना मोफत मिळतात आणि सामील झाला नाहीत तरी वाचण्याजोग्या आहेत.

भीतीचं काय?

मोठ्या वर्गांत कुणीतरी शांतपणे विचारतं, 'मग आता काहीच होऊ शकत नाही का?' हसून टाळू नका आणि 'तुम्हीच जग वाचवणार' असलं ओझंही डोक्यावर देऊ नका. दहा वर्षांच्या मुलाने जग वाचवायचं नसतं. खरं ते सांगा: तापमान वाढलं आहे, २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून जास्त गरम गेलेलं पहिलं वर्ष होतं, आणि पुढे किती वाढेल हे अजून ठरलेलं नाही, प्रत्येक दशांशाने फरक पडतो. मोठे निर्णय मोठ्या माणसांनी घ्यायचे आहेत. मग मुलांना पुन्हा त्यांच्या हातातल्या कामाकडे न्या. ज्या वर्गात काही करायला असतं, तिथे ही भीती गोठून राहत नाही. घरी कोण कसली गाडी वापरतं, कोण काय खातं याची वर्गात जाहीर यादी मात्र कधीही करू नका. अपराधी वाटलेलं मूल मोजायचं सोडून लपवायला शिकतं.

वही आणि पुढचा वर्ग

सगळ्या वाचनांची एकच मोठी वही ठेवा. तारीख, वेळ, थर्मामीटरचा क्रमांक, वाचन, वाचणाऱ्याचं नाव. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा. ज्या दिवशी वाचन झालं नाही तिथे रिकामी चौकट ठेवायची, अंदाजाने भरायची नाही. हा नियम पहिल्याच दिवशी कडकपणे सांगा, कारण आलेख छान दिसावा म्हणून आकडे बसवण्याचा मोह मुलांना होतोच, आणि मोठ्यांनाही.

गुण द्यायचे असतील तर निकाल अपेक्षेप्रमाणे आला की नाही यावर देऊ नका. नोंदी सलग आहेत का, अंदाज आधी लिहिला होता का, निकाल अंदाजाविरुद्ध गेला तेव्हा मुलाने काय कारण शोधलं, यावर द्या. सत्राच्या शेवटी प्रदर्शनाऐवजी मुलांना दहा मिनिटं मुख्याध्यापक आणि पालकांसमोर उभं करा: एक नकाशा, एक आलेख, एक मागणी. मागणी नेमकी असावी: 'दुपारचा खेळाचा तास पूर्वेच्या बाजूला घ्या, तिथे तेव्हा सावली असते आणि आमच्या वाचनांत ती जागा सगळ्यांत थंड आहे.' मान्य झाली तर तारीख वहीत लिहा. नाकारली गेली तर कारण विचारा आणि तेही लिहा.

वर्ष संपताना वही, क्रमांक घातलेले थर्मामीटर आणि दुरुस्तीचा तक्ता खालच्या वर्गाच्या हाती द्या, आणि देण्याआधी जुन्या व नव्या मुलांना मिळून तीच बादलीची चाचणी पुन्हा करायला लावा. सुट्टीत वाचनं कोण घेणार ते तेव्हाच ठरवा. कुणी नसेल तर तेवढ्या चौकटी रिकाम्या राहू द्या आणि मीटरमधल्या बॅटऱ्या काढून ठेवा.